गाडीत नव्हे, गाडीजवळ

कळंब,
१२ फेब्रुवारी २०१२

प्रिय वामनराव यांस,

कमलाकराचा सप्रेम नमस्कार. विनंती आहे आणि ती विशेषही आहे. परंतु ती योग्य स्थळी येईल.

आपला गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि नव्या घरातला तो पाझरणारा नळ हे तिन्ही ताळ्यावर आले असतील, अशी आशा करतो. (तिन्ही पुल्लिंगी असल्यामुळे 'हे' बरोबर आहे.) आपल्या वास्तुशांतीस आम्ही का पोहोचलो नाही, याविषयी आपण आपल्या भगिनीशी, म्हणजे शोभाशी, फोनवर जे बोललात ते मी पलीकडच्या खुर्चीवरून ऐकले. 'आमचे जावई रुसले' हे आपले विधान सदोष आहे. रुसणे ही क्रिया माझ्याकडून घडलेली नाही. बिघडणे ही क्रिया गाडीकडून घडली. हा खुलासा फोनवरच केला असता, पण आपण माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचू देत नाही.

त्या सकाळी आम्ही वेळेवर निघालो होतो. राळेगावच्या अलीकडे, कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे थांबलो असता समोर एक पिवळा दिवा लागला. आकृती इंजिनाची असावी. शोभाला ती कुकरची वाटली. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत त्या दिव्यापुढे एवढेच लिहिले होते, 'इंजिन तपासण्यात यावे.' आता हे वाक्य पाहा. कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता कोठेच नाही. तपासावे कोणी? मी तहसील कचेरीत आयुष्यभर अशीच वाक्ये लिहिली (अव्वल कारकुनाला कर्ता लपवण्याचाच पगार मिळतो), परंतु असे वाक्य स्वतःच्या अंगावर आले म्हणजे काय वाटते, हे त्या रस्त्यावर प्रथम समजले. अखेर कर्ता मीच झालो. बोनट उघडले, पाहिले आणि मिटले. काय दिसले, असे शोभाने विचारले. इंजिन, असे मी सांगितले. मग आम्ही परत फिरलो.

पुण्याहून चि. पियूषने फोनवरच निदान केले, की वय गाडीचे नव्हे, बाबांचे झाले आहे. सबब गाडी विकून टाकावी. आपल्याला ठाऊक आहेच, की एसटीची पायरी शोभाच्या गुडघ्यांना आता झेपत नाही (गुडघे आपल्या घराण्यात पिढीजात आहेत). ही गाडी गेली, तर तिचे माहेर फोटोंपुरते उरेल. तिने आपल्यासाठी केलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा फळीवर मागे सरकवला. दिव्याचे कारण शोधणे त्या क्षणापासून माझ्यावर आले.

देवीलाल मिस्त्री हा आमच्या गावात नावाजलेला आहे, विशेषतः स्वतःकडून. त्याने बोनटात डोके घातले, एका नळीला चिकटलेला चिमूटभर कापूस बाहेर काढला आणि विचारले, "काकाजी, गाडीत कापूस ठेवून राह्यले काय?" मी क्षणभर विचार केला आणि सत्य तेच सांगितले, की नाही. त्यावर देवीलालने एक सेन्सर बदलला, पेट्रोलवर संशय घेतला आणि पंपावर जाऊन भांडूनही आला. दिवा विझला, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि दिवा पुन्हा लागला.

आता हे सांगणे भाग आहे, की कापूस होता. मात्र तो गाडीत नव्हता, गाडीजवळ होता. आमचे शेजारी डोमाजी यांची दीपमाला बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. त्यांचे घर दोन खोल्यांचे, त्यातली एक कापसाने छतापर्यंत भरलेली. गेल्या वर्षीचा भाव यंदाही येईल, या आशेवर सगळ्या गावाने कापूस घरातच ठेवला आहे. पण कापसातले किडे चावतात. मोठ्या माणसाच्या अंगालाही खाज सुटते, तिथे तान्हे बाळ काय करील? म्हणून मीच म्हणालो, की आमच्या टिनाच्या छपरीत गाडीशेजारी पुष्कळ जागा आहे.

परवा डोमाजी ताडपत्री सारखी करायला आले आणि गाडीकडे पाहत उभे राहिले. "कमलाकरभाऊ, तुमच्या गाडीले त बोंडं फुटले जी." बोनटच्या फटीतून खरोखरच कापूस डोकावत होता. देवीलालने येऊन एअर फिल्टरची पेटी उघडली, तो आत उंदरिणीने कापसाची गादी घातलेली. छपरीत आणखी एक बाळंतपण उरकले होते आणि बाळंतिणीने खुराक म्हणून वायर खाल्ली होती.

"इच्यारलं होतं ना मी तुमाले? तुमी नाही म्हनले," देवीलाल म्हणाला. मी त्याला 'गाडीत' या शब्दातील सप्तमी विभक्ती समजावून दिली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. "मंग काकाजी, तुमच्या सप्तमीनंच वायर खाल्ली समजा." शोभा हसली, आणि ती कोणत्या बाजूने हसली हे विचारण्यात अर्थ नव्हता.

डोमाजी मात्र हसले नाहीत. "उद्या बैलबंडी लावतो अन् देऊन टाकतो व्यापाऱ्याले. तुमच्या गाडीचं नुसकान करून मले भाव नाही पायजे." व्यापारी सध्या जो भाव देऊन राह्यला (क्षमस्व, देत आहे) त्यात वेचणीची मजुरीही निघत नाही. मी म्हणालो, कापूस हलवण्यात येऊ नये. कोणाचा हुकूम, असे त्यांनी विचारले. माझा, असे मी म्हणालो. सेवाकाळात इतका उघडा कर्ता मी कधी वापरला नव्हता. त्याचा परिणाम एवढाच झाला, की बंडी आणली गेली, पण अजून भरलेली नाही. गाडीला पुन्हा दात लागणार नाहीत, अशी व्यवस्था डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते ऐकणार नाहीत.

वायर जोडली आहे आणि दिवा विझला आहे. येत्या रविवारी आम्ही वणीस येत आहोत. वहिनींना नमस्कार.

आपला,
कमलाकर

ता. क. : विनंती आता येत आहे. आपल्या नव्या घराच्या माळ्यावर मांजर व्याली असल्याचे वहिनींनी शोभाला सांगितले. त्यातले एक पिल्लू आम्हांस द्यावे. 'पिल्लू' हा शब्द नपुंसकलिंगी असला, तरी प्रत्यक्षात ते स्त्रीलिंगी असावे. बोका आमच्या आळीत आहे. तो दुधाखेरीज कशाचीही शिकार करीत नाही.

ता. क. २ : वरील मजकूर शोभाने वाचला. पिल्लू उंदीर मारण्याइतके मोठे होईस्तोवर कापूस विकलाही जाईल, असे तिचे म्हणणे आहे. म्हणून पिल्लासोबत त्याची आईही द्यावी.

ता. क. ३ : आपण कधी इकडे आलात, तर डोमाजींसमोर मांजर कशासाठी आणली, हा विषय काढू नये. मांजर त्यांच्या कापसासाठी आणत आहे असे कळले, तर ते आजच बंडी भरतील. गाडीसाठी आणत आहे, असे मी त्यांना सांगितले आहे. 'साठी' हे शब्दयोगी अव्यय एका वेळी एकाच नामाला जोडावे असा नियम मला कोठेही आढळलेला नाही.