हातच्या भेटींची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने सोफा-खुर्च्यांना कापड चढवणारी, राहणार याच घराच्या वरच्या खोलीत, स्वखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. खुबा ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला खुबा लागत नाही. कोणी मला दमदाटी केलेली नाही, काही पाजलेलं नाही, हात धरून लिहून घेतलेलं नाही. परवा माझं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, "आजी, हाड जोडता येईल. हृदयाचं मी काही सांगू शकत नाही." म्हणून ही घाई.

खुबा कसा मोडला ते आधी लिहिते, कारण हॉस्पिटलात "जिन्यावरून पडल्या" अशी नोंद आहे. ती साफ थाप आहे. माझ्या मुलाने सूनबाईच्या हातावर उकळता सरस ओतला. लाकूड चिकटवायचा तो सरस, कातडीला लागला की कातडी घेऊनच सुटतो. कारण काय, तर तिने त्याचा पटाशीचा संच जागेवरून हलवला. मी मध्ये पडले तर मला कमरेत लाथ बसली. तो माझ्या पोटचा आहे, आणि मला त्याची भीती वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कलम एक. घर. वर दोन खोल्या, खाली एका अंगाला माझं दुकान, दुसऱ्या अंगाला सुतारकामाचा कारखाना, जो आधी नवऱ्याचा होता आणि आता मुलाचा आहे. घर माझ्या नावावर आहे आणि माझ्याच कष्टाचं आहे. ते मी सूनबाईला देते, तिच्या पश्चात माझ्या नातीला. मुलाला यात चौकटीच्या खिळ्याइतकाही वाटा नाही. त्याने कोर्टात जायचं तर खुशाल जावं, जाताना हे कलम मोठ्याने वाचून जावं.

कलम दोन. नवऱ्याने केलेल्या वस्तू. नवऱ्याला मी जन्मभर अहो-जाहो केलं. तो मेल्यावर अरे-तुरे करते आहे, कायद्याची हरकत नसावी.

या घरात नाताळला बाजारची भेट चालत नाही. ही रीत माझ्या सासूबाईंची. हातात पैसा नव्हता, तेव्हा प्रत्येकाने आपल्या हाताने काहीतरी करून द्यायचं. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पण त्यांनी आणखी एक शेपूट जोडलं. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू करायची, ती सगळ्यांसमोर द्यायची, आणि घेणाऱ्याने तिच्यावर हात ठेवून म्हणायचं, "मिटलं." एकदा म्हटलं की तो विषय बंद, पुन्हा तोंडातून काढायचा नाही. भावाभावांच्या चिमट्या-बोचकाऱ्यांसाठी ही रीत ठीक होती. सासूबाईंनी त्यात हाडं मोडण्याचा हिशोब धरलाच नव्हता.

माझा नवरा लाकडातला जादूगार होता. वस्तू जितकी देखणी, तितका त्या वर्षीचा मार मोठा. अक्रोडाच्या चौकटीचा आरसा आहे, तो माझे पुढचे दात पडले त्या वर्षीचा. फिरत्या झाकणाची मिठाची पेटी आहे, ती कान फुटला त्या वर्षीची. वेलबुट्टीचा पाळणा आहे. पोटावर गुडघा बसून माझं पहिलं पोर गेलं त्या वर्षी त्याने तो केला. पोर नव्हतं, पाळणा होता. माणसं वाकून वाकून कोरीव काम बघत होती. माझ्या नणंदबाई पहिल्या म्हणाल्या, "अगं वहिनी, हात ठेव की! किती मन लावून केलंय त्याने!" मी हात ठेवला.

या सगळ्या वस्तू मी नणंदबाईंना देते. वन्सं, तुम्हाला फार आवडायच्या ना? घेऊन जा. तुमच्या बैठकीत मांडा, रोज फडक्याने पुसा, आणि कोणी विचारलं कुठून आणल्या, तर एकेका वस्तूचा किस्सा सांगत जा.

कलम तीन. माझी हत्यारं. शिलाई मशीन, कात्र्या, हातोड्या, पट्ट्या ताणायचा चिमटा, सगळं सूनबाईला. दाभणही तिलाच. दाभणाबद्दल थोडं लिहायला हवं.

पाळण्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एका खुर्चीच्या पाठीला टाके घालत होते. नवरा मागून आला आणि केस धरून माझं तोंड टेबलावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायला त्याने टेबलावर हात टेकवला, तो माझ्या उजव्या हाताशी. मी दाभण वर उचललं आणि खाली आणलं. तळव्यातून आरपार गेलं, टेबलात रुतलं. तो ओरडायला लागला तसं मी उठून तोंड धुतलं, केस नीट बांधले, आणि मग दाभण उपसायला गेले. त्या नाताळला मी त्याच्यासाठी चामड्याचा हातमोजा शिवला, तळव्यात मऊ भरण घातलेला. सगळ्यांसमोर दिला. "हं, ठेवा हात," मी म्हटलं. मेल्याने ठेवला आणि म्हणाला, मिटलं. त्यानंतर त्याने माझ्या अंगाला बोट लावलं नाही. पुढे मुलगा झाला, तो त्याच पाळण्यात वाढला, आणि बापाने सगळा मार त्याच्याकडे वळवला. मी मध्ये पडत होते, पण कारखान्याच्या दाराला आतून कडी होती. आत काय शिकवणी चालली होती, ते आता दिसतंय.

कलम चार. नातीला. माझी अर्धी राहिलेली गोधडी, सगळे कापडाचे तुकडे, आणि खाली लिहिते ती अक्कल. पोरी, नाताळच्या भेटी हातानेच कर. त्यात वाईट काही नाही. जाड सुती कापडाची पिशवी शिव, गहू भर, तोंड टाक्यांनी बंद कर. तव्यावर कोमट करून दुखऱ्या पाठीला लावायला दे, म्हातारी माणसं दुवा देतील. कान तुटलेल्या कपात उरलंसुरलं मेण वितळवून वात घाल, मेणबत्ती होते. संत्र्याच्या साली वाळव, चार लवंगा टाक, चिंधीच्या पुरचुंडीत बांध. कपाटात ठेवली की कपड्यांना वास येत नाही. उसवलेल्या स्वेटरचे मोजे होतात. खर्च काही नाही. एकच लक्षात ठेव. भेट घेणाऱ्याने हसावं, किंवा "कशाला गं एवढं" म्हणावं. याच्यापेक्षा जास्त काही त्याला म्हणावं लागलं तर ती भेट नव्हे.

कलम पाच. माझा शेजारी कुलपवाला याला हे मृत्युपत्र अमलात आणायचा अधिकार देते. त्याच्यासाठी गादीच्या तुकड्यांची बैठक शिवून ठेवली आहे. कामाच्या स्टुलावर बसून बसून त्याला मूळव्याध झाली आहे, आणि तो ती सगळ्या गल्लीपासून लपवतो. लपत नाही रे बाबा.

कलम सहा. मुलाला. बापाचे रंधे, पटाश्या, करवती. आणि हे चार शब्द. तू लहान असताना मला लिंबाच्या लाकडाचा चमचा करून दिला होतास, वाकडा, एका बाजूने जाड. तेव्हा तू कोणाला मारलं नव्हतंस, उगाच केला होतास. तो चमचा माझ्याबरोबर पुरावा. बाकी तुझं काही मला नको.

गेल्या नाताळला त्याने सूनबाईला शिवणाची पेटी दिली. तिचं मनगट तेव्हा प्लास्टरमध्ये होतं. पेटी इतकी सुबक की नणंदबाईंनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने डावा हात ठेवला आणि म्हणाली, "मिटलं." मी उठले, दुकानातून मोठी हातोडी आणली आणि पेटीच्या ठिकऱ्या केल्या. नात रडायला लागली. मुलाने ठिकऱ्या वेचल्या. पाहुणे गेल्यावर त्या पेटीचा राग सूनबाईच्या पाठीवर निघाला. हातोडी माझी, पाठ तिची. तेव्हा मला कळलं की वस्तू फोडून भागणार नाही, घरच काढून घ्यायला हवं.

आत्ता हे लिहिताना खालून रंध्याचा आवाज येतोय. या वर्षी तो खुर्ची करतोय, हात टेकायला दांडे, पाठीला मोर. सरसाच्या बदल्यात खुर्ची.

इथवर लिहून झालं. मग मी सूनबाईला वर बोलावलं आणि पहिलं कलम वाचून दाखवलं. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, निदान "आई, कशाला" म्हणेल. ती भाजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, हे कधीपासून लागू?" तिने विचारलं.

"मी गेल्यावर."

"आणि तुम्ही नाही गेलात तर?"

"अगं काय बोलतेस!"

"तुम्ही शंभर वर्षं जगा, माझी काही ना नाही. पण तोवर मी काय करू? पुढच्या आठवड्यात मला त्या खुर्चीत बसवून म्हणायला लावतील. मग पुढच्या वर्षी पलंग येईल. तुमच्या मरणापर्यंत मी पोहोचेन का, आई?"

एवढं मोठं मृत्युपत्र लिहिलं आणि आधी कोणी मरायचं याचा विचारच केला नव्हता.

"मला घर नंतर द्या, नाहीतर नका देऊ," ती म्हणाली. "मला आज जायचंय. पोरीला घेऊन."

"कुठे जाशील?"

"माझ्या बहिणीकडे. यांना तिचा नवा पत्ता माहीत नाही."

"मग बसलीस काय? ऊठ!"

म्हणून हे कलम सात. मी निरोप धाडला तशी दुपारीच कुलपवाला आणि त्याची बायको आली. त्याची बायको टेम्पो चालवते, माझे सोफे गिऱ्हाइकांकडे तीच पोचवते. आज एक सोफा न्यायचाच होता. मी काठी जमिनीवर आपटून मुलाला वर बोलावलं. "काय झालं, आई?" धावत आला, हात भुशाने माखलेले.

"परवा काय होईल कोणास ठाऊक," मी म्हटलं. "खुर्ची कशी केलीस ते तरी सांग."

तो पलंगाच्या कडेला टेकला. माझा हात हातात घेतला. सांधा कसा बसवला, मोराची मान एकाच लाकडातून कशी काढली, पॉलिशला किती थर दिले, सगळं सांगत राहिला. डोळे लहानपणीसारखे चमकत होते. खाली दुकानाचं दार उघडल्याचं मी ऐकलं. सोफा घासत गेल्याचं ऐकलं. नातीचा आवाज आला आणि लगेच दबला. "आणि पायांना काय केलंस?" मी विचारलं. तो पायांचं सांगू लागला. टेम्पो सुरू झाला, कोपऱ्यावर वळला, आवाज गेला. मी त्याचा हात सोडला नाही. मला तो फार आवडत होता त्या वेळी.

घर सूनबाईचंच राहील. तिने इथे पाऊल टाकायची गरज नाही. कुलपवाल्याने ते विकून पैसे तिला पोचते करावेत, कुठे ते कोणाला सांगू नये. बँकेतली शिल्लकही तिचीच. ती कुठे गेली, हे माझ्या तोंडून निघणार नाही. ही हमी मी याच कागदात देते.

आता मुलगा खाली गेला आहे, सूनबाईला खुर्चीवर बसवून उंची बघायला. हाका मारतोय. अजून साध्या आवाजात मारतोय. मी कुलपवाल्याला आणि माझी शुश्रूषा करायला येणाऱ्या नर्सबाईला जा म्हटलं, पण दोघंही जागचे हलत नाहीत. कुलपवाल्याने दाराला आतून कडी घातली आहे आणि तो कडीकडे बघून म्हणतोय, "आजी, ही कडी मी बसवलेली नाही हो. ही काही खरी नाही."

वर लिहिलेलं सर्व मी वाचून, समजून, या दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते.

स्थळ : वरची खोली.
दिनांक : नाताळच्या आधीचा मंगळवार, दिवेलागणीच्या आधी.

सही : (घराची मालकीण)

साक्षीदार पहिला : कुलपवाला, शेजारी. आमच्यासमोर सही झाली. आवाज आता साधा राहिलेला नाही.

साक्षीदार दुसरी : नर्स. सही झाली त्या वेळी मी आजींना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. मोडलेला खुबा आणि जुने वण सोडले तर अंगावर एकही खूण नाही. नाडी नीट, श्वास नीट, हृदयाचे ठोके नीट. यानंतर त्यांच्या अंगावर जे काही सापडेल, ते आजच्या या वेळेनंतरचं आहे.