वाऱ्याच्या भरवशावर दिलेली वेळ

बाबा, आज शिळफाट्याला माझ्या केटरिंगचा टेम्पो अडकला. टेम्पोत साखरपुड्याचं जेवण, आणि तिकडे डोंबिवलीच्या हॉलवर पाहुणे भुकेलेले. ड्रायव्हर फोनवर म्हणत होता, "ताई, ट्रॅफिकचं नाव सांगा ना, सगळ्यांना माहितीये." मी हॉलच्या दारात उभी राहून मुलीच्या वडलांना एवढंच म्हटलं, "चूक माझी आहे." ते चिडले, चिडणारच. उशिरा का होईना, सगळे पोटभर जेवले. पण घरी आल्यापासून तू डोक्यातून जात नाहीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लिहायला बसले.

खाडीत माल वाहणारी आपली शिडाची होडी, आपला मचवा, म्हणजे घरातलं सगळ्यात हट्टी माणूस, असं आई म्हणायची. हवा तेव्हा वारा नाही, आणि नको तेव्हा नुसता अंगावर. भरतीला पाणी चढलं की डोलकाठी पुलाला लागणार; ओहोटीला पुलाखालून सुखाने जावं, तर पुढे तळ गाळात रुतणार. कौलं नेली की थोडी फुटणारच, आणि फुटलेली आपल्या बोकांडी. पेंढा तू इतका उंच रचायचास की सुकाणूवरून तुला समोरचं दिसायचं नाही, मग मी वर बसून ओरडायचे, "बाबा, डावीकडं!" परतीला रिकामं येणं तुझ्या जिवावर यायचं, म्हणून एकदा तबेल्यातलं शेणखत भरून आणलंस. नंतर मचवा घासघासून धुतला, तरी तांदूळवाला नाकाला रुमाल लावून परत गेला. आई त्या दिवशी काय काय बोलली ते लिहवत नाही. या सगळ्या फजितीतून तू एकच शहाणपण धरून होतास, कुणाला वेळ म्हणून सांगायची नाही. "वारा आनील तवा येईन," एवढंच.

मग गावापर्यंत रस्ता झाला आणि टेम्पो यायला लागला. टेम्पोवाला वेळ सांगायचा आणि त्या वेळेला यायचा. पलीकडच्या गावात लग्न होतं, त्याची भाड्याची भांडी कल्याणहून आणायची होती, मोठे टोप, काहिली, झारे. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तू पहिल्यांदाच बोलून बसलास, "सकालच्याला भांडी दारात." मी तुझ्यासोबत होते. खाडीच्या मध्यावर वारा पडतो. शीड ओल्या चादरीसारखं लोंबतं. तू घाम गाळून वल्हं मारतोस, पण पाणी ओसरतच जातं आणि मचवा गाळात बसतो. समोर मांडव दिसतोय, पेटवलेल्या चुलींचा धूर दिसतोय, फक्त चुलींवर ठेवायला काही नाही. शेवटी लग्नघरची माणसं कपडे वर खोचून चिखलातून आली आणि टोप डोक्यावर घेऊन गेली. अक्षता पडून गेल्या तरी भात शिजतच होता.

लोक म्हणत होते, वाऱ्यापुढे कोण काय करणार. तू मात्र चिखलाने माखलेला, नवरीच्या बापापुढे हात जोडून म्हणालास, "चूक माझी हाय. पुढच्या टायमाला टेम्पो सांगा." मला तुझा असा राग आला! परतताना मी म्हटलंही, "वारा पडला, त्यात तुझी कसली चूक?"

"वारा पडतो त मना ठाव नाय का? येल कोनी सांगितलेली? मीच ना?"

धंदा करायची जी काही अक्कल माझ्याकडे आहे, ती त्या दिवसाची आहे बाबा. तुझे उपकार मी कुठे मानायचे?

त्यानंतर गिऱ्हाईकं खरंच टेम्पोकडे गेली. मचवा विकला आणि तू एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेटवर लागलास. एकदा जेवताना आईला विचारलंस, "मीच बुडवला ना आपला धंदा?" आईने तुला आणखी भात वाढला. मी ताटात बघत राहिले.

हे पत्र मी कुठे धाडणार नाही, पण त्या प्रश्नाचं उत्तर तरी लिहिते. मचवा गेला तेव्हा सगळा गाव हळहळला, मीही तोंड पाडून उभी होते. खरं म्हणजे मला आनंद झाला होता. तोवर वारा पडला की आई बांधावर जाऊन खाडीकडे बघत बसायची, आणि मी आईच्या तोंडाकडे. मचवा गेल्यावर तू रोज आमच्याबरोबर जेवायला होतास.