काळ्या टोकावरचं कासव

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

काळं टोक,
ता. ११ जानेवारी

चि. सौ. सत्यशीला हिस थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही मायलेकी इथं खुशाल आहोत. नंदिनीच्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर राहणार. खडकावरून घसरली, पाय मोडला, तरी उपकेंद्र काही बंद न्हाई. खुर्चीत बसून लेकरांना लस टोचते. नर्सबाईच लंगडी म्हणून बाया हसतात आणि जाताना तिच्यासाठी मासे ठेवून जातात. मी माळकरी बाई. मासे परत करता करता माझी जीभ दुखून राहिली.

फोनची वाट पाहू नको. डोंगराच्या आडोशाला रेंज येत न्हाई. हे आंतरदेशीय कडेकडेनंही भरलंय, फिरवून फिरवून वाच.

समुद्र कसा असतो, असं मी निघताना तू विचारलं होतंस. आधी टोक सांगते. डोंगर चालता चालता पाण्यात शिरला आणि गळ्याइतक्या पाण्यात जाऊन थबकला, असं हे टोक. वर सपाट कातळ, त्याला हे लोक सडा म्हणतात. त्यावर गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. झाडं सगळी एका अंगाला कललेली, वेणी घालताना कुणी केस ओढून धरावेत तशी. खाली काळे खडक. पाणी त्यावर आपटलं की आपल्या मळ्यात हळद शिजवायच्या कुकरची वाफ सुटावी तसा पांढरा लोट उठतो. पहिल्या दिवशी मी दचकून नागनाथाचं नाव घेतलं.

आता माझी फजिती ऐक. काल सकाळी टोकाखालच्या वाळूत फिरायला गेले. बघते तर पाण्यापासून वरपर्यंत ट्रॅक्टरच्या चाकाची नक्षी! मला रागच आला. एवढ्या स्वच्छ वाळूत ट्रॅक्टर काहून घालावा? कालवं काढणाऱ्या एका बाईला तसं बोलले, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, ट्रॅक्टर कुठला, समुद्रातली कासवीण येऊन अंडी घालून गेली. मला नागनाथाच्या गाभाऱ्यापुढचं दगडाचं कासव आठवलं. इतकी वर्षं त्याच्या पाठीला हात लावून पुढं गेले, आणि आज जितं कासव माझ्या वाटेत बाळंत होऊन गेलं! कमरेच्या डबीतली आपल्या घरची हळद त्या जागेवर वाहिली, कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि घरी आले.

कासवं राखणारा माणूस आठ वाजता आला. गावात त्याला तांडेल म्हणतात. तोवर गुरं त्या वाळूवरून गेली होती, माग पुसला होता. बिचारा काठीनं वाळू दाबत फिरून राहिला. अंडी तिथंच राहिली तर कोल्हा उकरून खातो म्हणे. मी वरून ओरडले, पिवळं दिसतंय तिथं बघा! तिथंच निघाली, एकशे बारा. त्यानं ती जाळीच्या कुंपणात नेऊन तशीच पुरली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, मावशी, पुन्हा हळद नको, नुसती हाक मारा. पण आजच्यापुरती तुमची हळद पावली.

पिल्लं मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघतील. कुंपणातल्या पाटीवर त्यानं माझं नाव लिहिलंय. मी म्हटलं, कासविणीचं लिहा, मी काय केलं?

तुमच्या दादांच्या पथ्याकडं बघ. घरादारावर माया आहेच, ती राखून असावे.

तुझी,
सिंधूबाई

*

डोंगरकडा,
ता. २७ जानेवारी

ती. सौ. अक्कांच्या पायी सत्यशीलाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ट्रॅक्टरचं वाचून मी इतकी हसले की दूध उतू गेलं. ते तुमच्या नावावर.

अक्का, तुम्ही गेलात आणि घरातला मधला माणूसच गेला. बारा वर्षांत मी दादांपुढं तोंड उघडलं न्हाई. थोरल्या दिरांशी बोलायचं न्हाई, ही रीत तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवली. दादांनी तुम्हाला सांगायचं, तुम्ही मला. मी तुम्हाला, तुम्ही त्यांना. आमचे हे तर साखर कारखान्यावर, गाळप संपेपर्यंत रजा न्हाई. आता दादांनी काय तोड काढली असेल? शेळी! अंगणात उभे राहतात आणि लालीला म्हणतात की, लाले, घरात विचार, चहा आज होणार का संक्रांतीला? संक्रांत होऊन तेरा दिवस झाले. मग मी चौकटीआडून लालीलाच सांगते की, चहा ओट्यावर ठेवलाय, निवला तर माझा दोष न्हाई. लाली मधे उभी राहून दोघांकडं बघते. ती लवकरच घर सोडून जाईल असं वाटून राहिलं.

आता कामाचं. हळदीचा पाला कापून झाला, काढणी सुरू झाली. कुकरवाला बावीस फेब्रुवारीला येणार. अक्का, हळद शिजली कधी, हे तुमच्याशिवाय या घरात कुणाला कळतं? तुम्ही माहेरी होतात त्या साली दादांनी अंदाजानं काढली, आतून कच्ची निघाली, आणि वसमतच्या आडतीवर व्यापाऱ्यानं चारचौघांत मोडून दाखवली. त्या दिवसापासून दादा शिजवणीला तुमच्या तोंडाकडं बघतात. काल लालीला बजावलं त्यांनी, प्लास्टर निघालं की अक्कानं गाडी धरायची. कासवांच्या बाळंतपणाला समुद्र आहे, हळदीला कोण आहे?

मी तरी काय उत्तर देऊ, आणि कुणामार्फत देऊ?

नंदिनीला गोड पापा. आमच्यावरचा जीव समुद्रात सांडू नये ही विनंती.

आपली,
सत्यशीला

*

॥ श्री ॥

काळं टोक,
ता. १२ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यशीला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा प्लास्टर निघालं. नंदिनी काठी टेकत का होईना, चालून राहिली. म्हणजे माझं इथलं काम सरलं. पिशवी भरली, पुन्हा रिकामी केली. दोनदा केलं असं.

तुला खरं सांगते. इथं रोज सकाळी सड्यावर जाऊन हरिपाठ म्हणते. कड्यावरच्या उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं आहे, आपल्या कडब्याच्या गंजीएवढं. नर मासा घेऊन येतो, मादी आधी ओरडते, मग खाते. मला कुणाची आठवण झाली ते सांगत न्हाई. कड्याच्या पोटात गुहा आहे, तिथून पाकोळ्या अशा उसळतात, सूप पाखडल्यासारख्या. परवा तर पाण्यातून सात-आठ काळ्या पाठी वर आल्या, गोल फिरल्या, खाली गेल्या. डॉल्फिन म्हणाली नंदिनी. मी हात जोडले. पाण्यात एवढी मोठी जनावरं खेळून राहिलीत आणि वर आपण काळजी करत बसलोय, याचं हसू आलं.

येताना रोज कुंपणाशी जाते. वाळूवर हात ठेवला तर कोंबडीच्या पोटाखाली असते तशी ऊब लागते. सत्यशीला, तीस वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत न्हाई. आता मागते. ती पिल्लं पाण्यात जाताना मला बघायचीत. त्यासाठी यंदाची हळद तू शिजव.

घाबरू नको, लिहिते तसं कर. वाफ धरली की आधी कच्चा, ओला वास येतो. तो सोडून दे. मग वास गोडसर होतो, उकडलेल्या रताळ्यासारखा. तेव्हा एक कांडी काढ, बाभळीचा काटा नको, तुरीची बारीक काडी घे आणि टोच. अडली तर थांब. लोण्यात गेल्यासारखी गेली, की तिथून एक क्षणही थांबायचं न्हाई. वाफ बंद. उशीर झाला तर रंग गेला, घाई केली तर गाभा कच्चा. तुझं नाक माझ्याहून तिखट आहे, शेजारणीची भाजी तू भिंतीपलीकडून ओळखतेस.

फक्त एकच अडचण आहे, ती मला दिसतेय. वाफ बंद करा, हे यांना सांगायचं कुणी? लालीला सांगून, तिनं ऐकून, यांना कळेपर्यंत हळदीची भाजी होईल. ती रीत मीच शिकवली, तेव्हा त्या दिवसापुरती मीच उचलते. बिनधास्त बोल.

माझ्या मागण्याचा राग न धरता जिव्हाळा ठेवशीलच.

तुझी,
सिंधूबाई

*

डोंगरकडा,
ता. २४ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कांस सत्यशीलाचा सा. न. वि. वि.

अक्का, झालं! आधी झालं म्हणून सांगते, मग कसं ते सांगते, म्हणजे तुम्ही श्वास घ्याल.

बावीसला पहाटेच कुकर लागला. मी तुमचं पत्र पदरात बांधून उभी. मजूर बाया मला बघून खुसखुसत होत्या. दादा कुकरच्या पलीकडं, पाठ करून. पहिला वास आला, सोडला. दुसरा आला, पण रताळ्याचा म्हणावा तर तसा न्हाई. काडी टोचली, अडली. दादांनी मजुराला खूण केली की काढा आता. अक्का, काडी तर अडून राहिली होती! आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्यानं निघालं, की दादा, थांबा, कच्ची आहे!

दादा वळले. माझ्याकडं बघितलं न्हाई, पण हात वर केला आणि मजुराला थांबवलं. मग मी कांडीवर कांडी टोचत गेले. किती वेळ झाला ठाऊक न्हाई. एकाएकी रताळ्याचा वास असा आला, जणू तुम्हीच मागं येऊन उभ्या राहिलात. काडी लोण्यातून गेली. मी म्हटलं, दादा, आता! एका क्षणात वाफ बंद.

दादांनी एक कांडी मोडली. आत शेंदरी, गुळगुळीत, एकसारखी. त्यांनी ती खिशात घातली. मग लालीपाशी गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले की, लाले, तुला आता सुटी.

पण रात्री जेवताना पुन्हा तुमचाच विषय. हळद झाली, आता काहून थांबली, मीच जाऊन हाताला धरून आणतो, म्हणून राहिले. मी चौकटीतूनच, पण सरळ म्हटलं, जा दादा. वाळवण मी बघते. परवा नांदेडहून गाडी धरून निघतील. राग नाकावर आहे. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून देते. खिशात ती कांडी आहे, तुम्हाला दाखवायला. मी सांगितलं असं सांगू नका.

पिल्लं आधी निघोत, दादा मग पोचोत. आपल्या पायांशी असलेला माझा लळा जाणावा.

आपली,
सत्यशीला

*

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

काळं टोक,
ता. ६ मार्च

चि. सौ. सत्यशीला हिस पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हे एक तारखेला पोचले. पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, उद्या निघायचं. समुद्राकडं पाठ करून चहा घेतला. नंदिनीनं विचारलं, बाबा, बघायचा न्हाई का? तर म्हणाले, पाणी आहे, त्यात काय बघायचं. मग खिशातून कांडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. मी मोडलेली बाजू नाकाला लावली. सत्यशीला, मला तुझा फार अभिमान वाटला.

उद्या, उद्या करता मी तीन दिवस काढले. चार तारखेला सकाळी तांडेल धावत आला, मावशी, घरट्यावरची वाळू खचली, चला म्हणाला. आम्ही खाली गेलो. मीच नमस्कार करायला पुढं झाले तर वाळू हलली. एक काळं डोकं, बोटाच्या पेराएवढं. मग दुसरं, मग वाळूच उकळायला लागली. तांडेलानं पिल्लं टोपलीत घेऊन पाण्यापासून थोडी दूर सोडली. वाळू ओळखून आपल्या पायांनी जायला हवं म्हणे, हात लावायचा न्हाई. हातभर जायचं, थांबायचं, पुन्हा हातभर. वरून दोन घारी फिरायला लागल्या.

आणि तुझे दादा, समुद्र न बघणारे, डोक्याचा पटका सोडून मेंढरं राखल्यासारखे ओरडत वाळूवर पळत सुटले! इकडून घार उतरली की इकडं, तिकडून कावळा आला की तिकडं. लोकांना दटावत होते, मागं सरा, लेकरांची वाट सोडा. शेवटचं एक पिल्लू लाटेनं दोनदा परत आणून टाकलं. हे त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले, हात पाठीमागं बांधले आणि जा की रे, जा की, असं म्हणत राहिले. तिसऱ्या लाटेला ते गेलं. हे मात्र धोतर भिजवून तिथंच बसले. एकशे चार गेली. मला रडू आलं, ह्यांना न्हाई आलं असं हे सांगतात.

काल मी स्वतः पिशवी भरली आणि म्हटलं, चला. तर यांनाच काही लिहायचंय म्हणून पत्र ओढून घेतलं. खाली त्यांचंच अक्षर आहे.

आमची आठवण काढून एक दशमी जास्तीची खात जा, तेवढी ओढ पुरे.

तुझी,
सिंधूबाई

ता. क. सत्यशीला, शेळीमार्फत न कळवता सरळ लिहितो. हळद माझ्या आयुष्यात अशी शिजली न्हाई. पुढच्या वर्षीपासून तूच शिजवायची. इथं कुंपणात दुसरं घरटं आहे, त्याला अजून आठ दिवस लागतील. घारी फार आहेत आणि तांडेल एकटा आहे. वाळवण उलटत राहा. तुझी अक्का यायला तयार आहे, मलाच सवड न्हाई. ज्ञानबा.