टोपी सरळ की कलती

गेर्लिंगेन, जर्मनी, १४ ऑक्टोबर २००६

ती. शोभनावन्सं यांना मालिनीचा वाकून नमस्कार. (वाकणं आता पत्रातच जमतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना आडवी पावलं टाकत उतरा असं डॉक्टरांनी सांगितलंय; तुम्ही ते करत नसणार, म्हणून पुन्हा लिहिते.

पत्र मिळालं. तुमच्या स्वरालीचं लग्न ठरल्याचा फार आनंद झाला. यांच्यामागे मामा म्हणून तिला बोहल्यावर आणायचं काम चुलतभाऊ कुमार करतील, आणि मी जरा मागे बसावं, लोक बोलतात, हेही वाचलं. त्याचं उत्तर देते, पण आधी माझी फजिती ऐका.

यशोधनचं बोलिव्हियात ऑफिसचं काम निघालं. तू घरी भिंतींशी बोलत बसशील, असं म्हणत त्याने मलाही नेलं. (मी भिंतींशी बोलत नाही. यांच्या फोटोशी बोलते, तो भिंतीवर आहे एवढंच.) शेवटचा एक दिवस मोकळा मिळाला, तो ला पाझ बघण्यात गेला. हिला सगळे राजधानी म्हणतात, मी वाचलेल्या पुस्तकात मात्र राजधानीचा मान दुसऱ्याच गावाला दिलाय, सरकार तेवढं इथे बसतं. शहर इतकं उंचावर की बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. पहिल्याच चौकात रोज जिमला जाणारा तुमचा भाचा बाकावर आडवा झाला आणि मी त्याच्या उशाशी बसून कबुतरांना खाकरा घातला. "आई, तुला काहीच कसं होत नाही?" म्हटलं, "तुझ्या बाबांमागे तीस वर्षं चालले. ते कधी वळून बघायचे नाहीत, दम लागला तर सांगायचं कुणाला?"

थंडी होती, म्हणून साडीवर स्वेटर, त्यावर शाल आणि पाठीवर डब्याचं बोचकं. तिथल्या बायकाही अशाच, घेरदार परकर, शाल, दोन वेण्या, पाठीवर गाठोडं. त्यामुळे एका जर्मन जोडप्याने न विचारता माझे चार फोटो काढले. नवरा बायकोला सांगत होता की इथल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर किती शांती असते बघ. मी जर्मनमध्ये विचारलं, "मी गेर्लिंगेनची, तुम्ही कुठले?" हॅनोव्हरचे निघाले. माझी शांती तिथेच संपली, त्यांचीही.

तिथल्या बायका डोक्यावर वाटी उपडी ठेवल्यासारखी काळी टोपी घालतात. गाईड म्हणाला, नवरा असेल तर सरळ, नसेल तर कलती. (खरंखोटं कोण जाणे, यशोधनच्या मते गाईड असं सांगतातच.) मी एक टोपी डोक्यावर घालून बघितली. दुकानातल्या बाईने आपल्या बोटातल्या अंगठीवर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मी वर आभाळाकडे हात केला. तिने मान हलवली आणि माझी टोपी हळूच कलती केली. मी ती सरळ केली. तिने परत कलती केली. मी परत सरळ. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं, मोठ्याने हसली आणि आपलीही कललेली टोपी सरळ केली. भर रस्त्यात आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, माझ्या डब्यातली दशमी खात.

आता उत्तर. तुमचं म्हणणं योग्यच आहे. कुमारभावजी आणतील, मी मागे बसेन. तुमचा शब्द कधी मोडला नाही.

तुमची,
मालिनी

ता. क. वरचं उत्तर खोडायचं होतं, पण खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला आवडत नाही. मी मागे बसणार नाही. स्वराली सहा वर्षांची असताना तिने यांना विचारलं होतं, "मामा, मला तूच आणशील ना?" हे म्हणाले होते, "मी आणि मामी." तुम्ही तिथेच गहू निवडत होतात. कुमारभावजींनी उजवा हात धरावा. डावा माझा.

दुसरा ता. क. टोपी बॅगेत चेपते, म्हणून घालूनच येईन. सांगली स्टेशनावर तुम्ही स्वतः या. प्रवासात ती कलली असेल, तेवढी सरळ करून द्या.