उपसलेले दोन खण

चैत्र वद्य ३, शके १७८६. अमरावती.

आग विझली! शेजारच्या सत्यभामामावशीचं छप्पर पेटलं होतं. घर आठ खणांचं, वर गवत. तीन खण जळाले. आमच्या भिंतीला लागून असलेले दोन खण बाबांनी वर चढून उपसले, पेंढ्या मी खाली झेलल्या — नाहीतर आमचं घर आणि आतला कापूस, दोन्ही गेली असती. मावशी स्वतःच सांगत होती, "काढा भाऊ, तुमचं तरी वाचू द्या."

वद्य ५

चावडीवर कचेरीचा हुकूम लागला. आमच्या घरात वाचता येणारी मी पहिलीच, म्हणून गल्लीला मीच वाचून दाखवला. छप्पर निम्म्याहून कमी गेलं असेल तर गवतानंच डागडुजी करावी. निम्म्याहून जास्त गेलं असेल तर सगळं उतरवून महिन्याच्या आत मातीचे कवेलू घालावेत, नाहीतर जागा सोडावी. मावशी फुलं विकते. ती कवेलू कुठून आणणार? कुंभारांचा सगळा माल कापसाच्या वखारींनी उचलला आहे.

तिचे पाच खण उघडे आहेत. आठांत पाच!

वद्य ६

हुकूम पुन्हा जाऊन वाचला. अगदी तळाशी आहे — आग अडवायला उतरवलेलं छप्पर नुकसानीत धरू नये. मात्र उतरवणाऱ्यानं तसा जबाब द्यावा. म्हणजे तीनच! धावत जाऊन सांगितलं. मावशीनं माझ्या केसांत मोगरा माळला. म्हणाली, "वच्छले, तू शिकली ते बरं झालं वं माय."

वद्य ७

बाबा जबाब देणार नाहीत. मावशी उठली की तिची जागा त्यांना कापूस रचायला हवी आहे. मी भांडले. जेवले नाही.

वद्य ८

आज बाबा गोड बोलले. "अर्ध्या जागेत कापूस, अर्ध्यात तुले हवी ती पोरींची शाळा. आता बोल."

तिथं किती मुली बसतील ते मी मोजलं. वीस.

वद्य १०

कारकून आला. बाबांनी सांगितलं, आम्ही छपराला हात लावला नाही. मावशीला हसूच आलं. "साहेब, या पोरीले इचारा. पेंढ्या तिनंच झेलल्या."

मी म्हणाले, मी घरात होते.

अक्षर येत नाही म्हणून जबाबाखाली बाबांनी नांगराची निशाणी केली. कारकून मला म्हणाला, तू बांगडीची काढ.

"मले सही येते," मी म्हणाले.