पाचव्या वर्षी फळीवर

रावर, १२ मेहर

चि. तूबास खावरताईचे सलाम व अनेक आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र नाही. केरमानच्या इस्पितळात चादरी धुता धुता बहिणीला विसरलीस की काय? बातमी अशी, की आमच्या थोरल्या नुसरतला पाचवा महिना लागलाय. गालिचाही अर्ध्यावर आला. मधलं गोल नक्षीचं पदक अर्धं विणून झालं. आता वरचा भाग खालच्यासारखाच, पण उलटा उतरवायचा. सगळा नकाशा पोरीच्या डोक्यात आहे. ती सूर लावून रंग सांगते नि आम्ही गाठी बांधत जातो. पाचव्या वर्षी मागाच्या फळीवर बसवली तिला, उगाच नाही!

लोभ असेल, तर पत्रातून दिसू दे.

तुझी खावर

केरमान, ३ आजर

ती. खावरताईस सा. सलाम वि. वि.

बातमी वाचून आनंद झाला आणि भीतीही वाटली. ताई, रागावू नकोस. इथे विणकर बायका अडलेल्या येतात. डॉक्टरीणबाई पहिलं विचारतात, मागावर कितव्या वर्षी बसलीस? लहानपणापासून फळीवर बसून कंबरेचं हाड वाढतच नाही, मग मूल येईल कुठून, म्हणतात. या महिन्यात अशा दोघी गेल्या. त्यांच्या चादरी मीच धुतल्या. तू म्हणशील, मला तर मुलं सुखरूप झाली. अगं, आपण लग्नापर्यंत शेळ्यांमागे डोंगर तुडवत होतो. मागाला हात लावला तो सासरी. बहमन महिना लागायच्या आत नुसरतला इकडे पाठव. इथे पोट कापून मूल काढतात.

माझ्यावरची माया आटली तरी चालेल, पण एवढं ऐक.

तूबा

रावर, २० दै

चि. तूबास अनेक आशीर्वाद.

शहरात राहून भित्री झालीस. सुईण म्हणाली, सगळं ठीक आहे. आता फक्त किनार उरलीय, वीस दिवसांचं काम. मध्येच दुसरीचा हात लागला तर गाठी सैल-घट्ट होतील, गालिचा आकसेल आणि व्यापारी तो परत करील, असं जावई यदुल्ला म्हणतो. नुसरत स्वतःच म्हणते, किनार संपवूनच निघेन, आणि मावशीला सांग, फार अक्कल शिकवते. लॉरीवाल्याला सांगून ठेवलंय.

माया कर, भीती घालू नकोस.

खावर

रावर, २१ बहमन

तूबा,

मायना लिहवत नाही. किनार दोन बोटं उरली होती, तेव्हाच कळा सुरू झाल्या. तीन दिवस पोर तळमळली. सुईणीनं हात टेकले तेव्हा लॉरीत घातली. वाटेतच गेली, मूल पोटातच राहिलं. तू लिहिलं होतंस. मी ऐकलं नाही. तिला मी मारलं, तूबा.

धाकटी एफत सहा वर्षांची आहे. वर्षभर नुसरतशेजारी बसून गाठी बांधायची. नुसरत गेल्याच्या चौथ्या दिवशी कुणी न सांगता ती फळीवर चढली आणि ताईच्याच सुरात रंग सांगू लागली. बायकाही सवयीनं बांधू लागल्या. मी तिला ओढून खाली घेतलं, अंगणात नेलं आणि पळ म्हटलं. ती नुसतीच उभी राहिली. मग तिनंच विचारलं, कुठं जायचं?

गुरुवारच्या लॉरीनं तिला तुझ्याकडे पाठवतेय. मी रडून मागितली, तरी परत देऊ नकोस.

खावर