हँडलला बांधलेली राखी

हिंगणघाट
२० सप्टेंबर १९९५

चि. निकेश यास रुख्मिणीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. बाबा अर्धी भाकर खातात, बोलत नाहीत. कारंज्याचे वावर कारखान्याला घेतले, तेव्हा मालक मधुकररावांनी तुला कायम नोकरीचा शब्द दिला होता. त्याची आठवण करून द्यायला गेलेल्या बाबांना त्यांनी तीन तास उन्हात उभे ठेवले आणि दरवानाकरवी कळवले, की साहेबाले वेळ नाई. आपल्याच वावराच्या फाटकाबाहेर! आणि तू तिथे रोजंदारीवर मशीन पुसतोस. संधी आली तर सोडू नकोस. मी क्षमा करणाऱ्यांतली नाही, तुला ठाऊक आहे. जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.

तुझी ताई


कारंजा
७ ऑक्टोबर १९९५

ती. ताईस निकेशचा शि. सा. न. वि. वि.

संधी आली. मागास तालुक्यात कारखाना काढला की सरकार अनुदान देते. मधुकररावांनी कागदावर दोन दाखवले, इथला आणि आष्टीचा. मशीन मात्र एकच. तपासणी जिथे, तिथे ते ट्रकमधून जाते.

दसऱ्याला तपासणीचे साहेब इथे आले. मान म्हणून मशीनची पूजा त्यांच्याच हातून झाली. पूजेचा लाल नाडा कमी पडला. आपल्यासारखी त्यांचीही राखी दसऱ्यालाच सुटते, तर त्यांनी मनगटावरची सोडून हँडलला बांधली. निळ्या मण्यांची, त्यांच्या बहिणीने ओवलेली. मधुकरराव तेव्हा बाहेर सोने वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मशीन आष्टीला निघाले, सोबत मीही. हळदकुंकू पुसायचा हुकूम झाला. मी चकाचक पुसले, राखीला हात लावला नाही. काल तिथल्या तपासणीत त्याच साहेबांनी हँडल धरले आणि बराच वेळ मधुकररावांकडे पाहत राहिले. आज दोन्ही फाटकांना सील आहे. माझी रोजंदारी गेली, पण झोप छान लागली. बाबांना वाचून दाखव. माया राहू दे.

निकेश


हिंगणघाट
१५ ऑक्टोबर १९९५

चि. निकेश यास आशीर्वाद.

काल दुपारी मधुकरराव मोटारीने दारात आले. ‘कारंज्याच्या मशीनची राखी सोडून आष्टीच्या मशीनला मीच बांधली’, असे तू लिहून द्यायचे म्हणे. म्हणजे मशीन दोन ठरतात, आणि तुला कायम नोकरी. कागद तयारच होता, फक्त तुझी सही हवी. आधी बाबांशी बोलायचे म्हणाले.

बाबांनी मला आत बोलावले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. मी बाहेर जाऊन निरोप सांगितला, की बाबाले वेळ नाई.

ते अंगणात उभे राहिले. ऊन चांगलेच होते. बाबांनी खाट खिडकीशी ओढून घेतली आणि दुसरी भाकर मागितली.

घरी येजो.

ताई